विश्लेषण : पत्रकारिता वर्गात शिकवता येते का? जोसेफ पुलित्झर यांचा २० वर्षांचा हट्ट आणि कोलंबियाची शाळा

पदवीचे निकाल लागले की पत्रकारिता अभ्यासक्रमांच्या जाहिराती झळकू लागतात आणि त्यांच्या मागोमाग एक जुना वादही येतो. बातमीदारी वर्गात शिकता येते, की ती न्यूजरूममध्ये आणि रस्त्यावरच शिकावी लागते? अनेक जुनेजाणते पत्रकार आजही दुसऱ्या बाजूने बोलतात. सव्वाशे वर्षांपूर्वी हा वाद अमेरिकेत ऐन रंगात होता आणि त्यात पहिल्या बाजूने उतरलेला माणूस कॉलेजची पायरी कधीही चढला नव्हता. त्याने बातमीदारी रस्त्यावरच शिकली होती, सनसनाटी मथळ्यांवर अफाट पैसा कमावला होता आणि आता तोच पैसा पत्रकारांना विद्यापीठात शिकवण्यासाठी द्यायला तो निघाला होता. विद्यापीठाने आधी नकार दिला. जोसेफ पुलित्झर यांचे नाव आज पुरस्कारामुळे सर्वांना माहीत आहे. त्यांना स्वतःला मात्र पुरस्कारापेक्षा शाळा अधिक महत्त्वाची वाटत होती.

अमेरिकेत ते पोहोचले कसे?

हंगेरीतील माको या गावात १० एप्रिल १८४७ रोजी एका ज्यू धान्य व्यापाऱ्याच्या घरी पुलित्झर यांचा जन्म झाला. कुटुंब पुढे पेस्ट शहरात (आजच्या बुडापेस्टचा एक भाग) राहायला गेले. जोसेफ ११ वर्षांचे असताना वडील वारले, व्यवसाय बुडाला. आईने दुसरे लग्न केले. या मुलाला घरात करमेना.

१७व्या वर्षी सैन्यात जायचे त्यांनी ठरवले. कोणत्या देशाच्या, हा प्रश्न दुय्यम होता. ऑस्ट्रियाने नाकारले, फ्रान्सने नाकारले, ब्रिटिशांनीही नाकारले. अंगकाठी किरकोळ आणि नजर अधू. शेवटी हॅम्बुर्गमध्ये अमेरिकी यादवी युद्धासाठी माणसे गोळा करणारा दलाल भेटला. त्याला नजरेशी देणेघेणे नव्हते. १८६४ मध्ये जहाज बोस्टनला पोहोचले. भरतीची बक्षिसी दलालाच्या खिशात जाऊ नये म्हणून पुलित्झर यांनी जहाजावरून उडी मारली आणि पोहत किनारा गाठून ती स्वतः मिळवली, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा रंगवलेली, न्यूयॉर्कच्या घोडदळात ते दाखल झाले हे नक्की. त्या तुकडीत बहुतेक जण जर्मन बोलणारे होते. त्यामुळे आठ महिने अमेरिकी सैन्यात काढूनही इंग्रजी जेमतेमच राहिले.

पहिली बातमी कशी छापून आली?

युद्ध संपल्यावर हातात काम नव्हते. जर्मन भाषकांची मोठी वस्ती असलेल्या सेंट लुइस शहराची वाट त्यांनी धरली. मिसिसिपी नदी ओलांडायला पैसे नव्हते, तर नावेच्या भट्टीत कोळसा टाकून भाडे फेडले. पुढे खेचरांची देखभाल, हॉटेलात वेटर, गाडीवान अशी कामे केली. कोणतेही फार टिकले नाही.

इथेच एक प्रसंग घडला, जो आज कोणत्याही शहरातील नोकरी शोधणाऱ्या तरुणाला ओळखीचा वाटेल. लुइझियानातील उसाच्या मळ्यावर चांगल्या पगाराची कामे आहेत, असे सांगून एका माणसाने सुमारे ४० जणांकडून प्रत्येकी पाच डॉलर घेतले आणि त्यांना बोटीत बसवले. शहरापासून बरेच दूर त्यांना उतरवून बोट निघून गेली. मळा नव्हता, नोकरी नव्हती. सगळे पायी परतले. पुलित्झर यांनी या फसवणुकीची हकिगत लिहून काढली आणि ‘वेस्टलिखे पोस्ट’ या जर्मन दैनिकाने ती छापली. त्यांची छापून आलेली पहिली बातमी हीच असावी, असे मानले जाते.

रिकामा वेळ ते शहरातील मर्कंटाइल लायब्ररीत घालवत. तिथे इंग्रजी शिकले, कायदा वाचला. लायब्ररीच्या बुद्धिबळाच्या खोलीत त्यांची ‘वेस्टलिखे पोस्ट’चे कार्ल शुर्झ आणि एमिल प्रिटोरियस यांच्याशी ओळख झाली आणि १८६८ मध्ये त्याच दैनिकात बातमीदाराची नोकरी मिळाली. पत्रकारितेच्या शिक्षणासाठी पुढे लाखो डॉलर देणाऱ्या या माणसाचे स्वतःचे विद्यापीठ म्हणजे हे वाचनालय. वर्गही नाही, शिक्षकही नाही. ‘आम्ही कुठे शिकलो होतो’ असे म्हणणारे संपादक त्यांचेच उदाहरण देऊ शकले असते. पुलित्झर यांनी मात्र या अनुभवातून उलटा निष्कर्ष काढला: आपण जे चाचपडत, वर्षे वाया घालवून मिळवले, ते पुढच्यांना नीट क्रमाने मिळावे.

मालक कसे झाले?

१६-१६ तास राबणारा हा बातमीदार राजकारणातही शिरला. १८६९ मध्ये मिसुरीच्या विधानसभेवर निवडून आला, तेव्हा वय २२ होते आणि कायद्याने २५ लागत होते. कुणी हरकत घेतली नाही. पुढच्याच वर्षी कंत्राटांच्या वादातून त्यांनी एडवर्ड ऑगस्टीन नावाच्या माणसावर पिस्तूल रोखले आणि गोळी त्याच्या पायाला लागली. प्रकरण दंडावर निभावले. ज्याने पुढे वृत्तपत्रीय नीतिमत्तेचा अभ्यासक्रम आखला, त्याच्या चरित्रात हे पानही आहे.

धंद्याची नजर मात्र अधू नव्हती. १८७४ मध्ये त्यांनी एक डबघाईला आलेले जर्मन वृत्तपत्र विकत घेतले. त्यांना ते चालवायचेच नव्हते. त्या वृत्तपत्राकडे ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेचे सदस्यत्व होते आणि ते शहरातील दुसऱ्या एका दैनिकाला हवे होते. पुलित्झर यांनी ते लगेच विकले आणि हजारो डॉलर मिळवले. थोडक्यात, दुकान घेतले ते परवान्यासाठी.

१८७८ मध्ये त्यांचे केट डेव्हिस यांच्याशी लग्न झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सेंट लुइसमध्ये कर्जबाजारी ‘डिस्पॅच’चा लिलाव झाला. २,५०० डॉलरला तो त्यांनी घेतला आणि ‘पोस्ट’ या दुसऱ्या सांजदैनिकात विलीन करून ‘पोस्ट-डिस्पॅच’ उभे केले. करबुडवे धनिक, जुगाराचे अड्डे, गॅस कंपन्यांची मक्तेदारी अशा विषयांवर ते तुटून पडले. खप वाढला, शत्रूही वाढले. १८८२ मध्ये त्यांच्या संपादकाने, जॉन कॉकरिल यांनी, कार्यालयात चाल करून आलेल्या एका वकिलाला गोळी घातली आणि त्यात तो मरण पावला. स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर कॉकरिल सुटले, पण शहराचे मन वृत्तपत्रावरून उडाले. पुलित्झर यांनी न्यूयॉर्ककडे पाहायला सुरुवात केली.

‘वर्ल्ड’ने काय बदलले?

मे १८८३ मध्ये रेल्वेसम्राट जे गुल्ड यांच्याकडून त्यांनी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ ३ लाख ४६ हजार डॉलरला विकत घेतले. वर्षाला सुमारे ४० हजार डॉलर तोटा करणारे, १५ हजारांच्या आसपास खपाचे हे दैनिक होते. काही वर्षांत ते देशातील सर्वाधिक खपाच्या दैनिकांत जाऊन बसले.

हे साधले कसे? किंमत दोन सेंट. भाषा सोपी, कारण शहरातील लाखो वाचक पुलित्झर यांच्यासारखेच स्थलांतरित होते आणि इंग्रजी नुकते शिकत होते. मोठे मथळे, चित्रे, खेळाचे पान, स्त्रियांसाठी मजकूर. पहिल्या पानावर खून, अपघात, भानगडी आणि त्याच पेपरच्या अग्रलेखात श्रीमंतांवर कर लावण्याची मागणी. वाचकाला आत खेचायला एक गोष्ट आणि आत आल्यावर वाढायला दुसरी. आजच्या डिजिटल डेस्कवर हे गणित रोज मांडले जाते; फक्त तेव्हा त्याला क्लिक म्हणत नसत.

या पेपरची ताकद सर्वांत स्पष्ट दिसली ती १८८५ मध्ये. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा फ्रान्सने दिला होता, पण तो उभा करायच्या चौथऱ्याला पैसे नव्हते. राज्याच्या मदतीचा प्रस्ताव गव्हर्नरने फेटाळला होता, धनिकांनी हात आखडता घेतला होता. ‘वर्ल्ड’ने मार्चमध्ये वर्गणी सुरू केली आणि एक सेंट देणाऱ्याचेही नाव छापायचे जाहीर केले. ऑगस्टपर्यंत एक लाखाहून अधिक डॉलर जमले. देणारे १ लाख २० हजारांहून जास्त होते आणि बहुतेकांची वर्गणी एका डॉलरपेक्षा कमी होती. आपले नाव छापून आलेला अंक किती जणांनी जपून ठेवला असेल, याचा हिशेब कुणी केलेला नाही.

१८८७ मध्ये नेली ब्लाय ही तरुण बातमीदार वेड्याचे सोंग घेऊन ब्लॅकवेल्स आयलंडवरील स्त्रियांच्या मनोरुग्णालयात १० दिवस राहिली. तिथल्या हालांची तिची मालिका ‘वर्ल्ड’मध्ये आली, चौकशी झाली आणि शहराने या संस्थांसाठी निधी वाढवला. त्याच नेली ब्लायला दोन वर्षांनी ‘वर्ल्ड’ने जगप्रदक्षिणेला पाठवले आणि ती ७२ दिवसांत परतली. पहिली शोधपत्रकारिता आणि दुसरी शुद्ध तमाशा. पुलित्झर यांच्या पेपरात दोन्ही शेजारी-शेजारी नांदत.

दृष्टी गेल्यावर पेपर कसा चालवला?

१८९० मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क रो भागात ‘वर्ल्ड’ची सोनेरी घुमटाची इमारत उभी राहिली. शहरातील सर्वांत उंच. ज्यांच्यासाठी ती बांधली, त्या मालकाला ती नीट पाहता आली नाही. दृष्टी जवळपास गेली होती. त्याच वर्षी, वयाच्या ४३व्या वर्षी, त्यांनी संपादकपद सोडले.

डोळ्यांसोबत आवाजाचीही भयंकर पीडा सुरू झाली. कागदाची सळसळ, चमच्याचा आवाज असह्य होई. घरांत आवाज न शिरणाऱ्या खोल्या बांधल्या गेल्या, पुढे ‘लिबर्टी’ नावाची नौका घेतली आणि बहुतेक आयुष्य समुद्रावर गेले. सोबत सचिवांचा ताफा असे. ते वृत्तपत्रे, कादंबऱ्या, इतिहास वाचून दाखवत. तारांमधून न्यूयॉर्कला सूचना जात, त्याही सांकेतिक शब्दांत. त्या कोशात पुलित्झर यांचे स्वतःचे नाव ‘अँडीज’ होते. पेपर सोडला असे म्हणायचे आणि कोणत्या बातमीला किती जागा दिली याचा जाबही विचारायचा, असे ते २० वर्षे चालले. हाताखालच्यांसाठी हे सुखाचे नव्हते.

शाळेची कल्पना याच काळात पक्की झाली. १८९२ मध्ये त्यांनी कोलंबियाचे तत्कालीन अध्यक्ष सेठ लो यांच्यापुढे पत्रकारितेच्या शाळेसाठी मोठी देणगी ठेवली. विश्वस्तांनी ती स्वीकारली नाही. पत्रकारिता हा विद्यापीठात शिकवण्याचा विषय आहे, हेच तेव्हा अनेकांना मान्य नव्हते. आणि देणगीदार कोण, तर ‘वर्ल्ड’चा मालक.

विश्वस्तांची शंका चुकीची होती का?

पुढची काही वर्षे पाहिली तर फारशी नाही. १८९५ मध्ये विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी ‘न्यूयॉर्क जर्नल’ घेतले आणि पुलित्झर यांचीच युक्ती दुप्पट पैसे ओतून वापरली. ‘वर्ल्ड’च्या रविवार पुरवणीचे संपादक आणि कर्मचारी पळवले. पिवळा झगा घातलेल्या पोराचे लोकप्रिय चित्र काढणारा रिचर्ड आउटकॉल्टही पळवला. पुलित्झर यांनी दुसऱ्या चित्रकाराकडून तेच पोर काढून घेतले. दोन पेपरांत दोन पिवळी पोरे. ‘पीत पत्रकारिता’ हा शब्द इथून आला.

फेब्रुवारी १८९८ मध्ये हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटात बुडाली, २६० हून अधिक जण ठार झाले. कारण कळण्याआधीच दोन्ही पेपरांनी स्पेनकडे बोट दाखवणारे मथळे छापले. वृत्तपत्रांनीच युद्ध घडवले, हा दावा आज इतिहासकार मान्य करत नाहीत. पण खातरजमा न करता छापण्यात ‘वर्ल्ड’ मागे नव्हता.

त्यानंतरचा प्रसंग युद्धाइतका गाजत नाही, पण पुलित्झर यांच्यासाठी तो अधिक लाजिरवाणा आहे. रस्त्यावर पेपर विकणाऱ्या मुलांना १०० अंकांचा गठ्ठा ५० सेंटला मिळे. युद्धात खप वाढला तेव्हा तो ६० सेंट झाला. युद्ध संपल्यावर इतरांनी दर उतरवला, ‘वर्ल्ड’ आणि ‘जर्नल’ने नाही. दिवसाला काही सेंट कमावणाऱ्या मुलांना ही वाढ परवडत नव्हती. जुलै १८९९ मध्ये त्यांनी संप केला, ब्रुकलिन पुलावर रस्ता अडवला, दोन्ही पेपरांची विक्री कोसळवली. दोन आठवड्यांनी तडजोड झाली: दर ६० सेंटच राहील, पण न विकलेले अंक कंपनी परत घेईल. गरिबांचा कैवार घेणाऱ्या मालकाला त्याच्याच पेपरची पोरे शहाणपण शिकवून गेली.

या वर्षांनंतर पुलित्झर ‘वर्ल्ड’ला हळूहळू त्या स्पर्धेतून बाहेर काढू लागले. याला पश्चात्ताप म्हणावे की हर्स्ट यांच्या पैशापुढे स्पर्धा परवडत नव्हती म्हणावे? दोन्हींत तथ्य दिसते. शाळेची देणगी म्हणजे पापक्षालन, असे सोपे सूत्र मात्र तारखांत बसत नाही. शाळेचा पहिला प्रस्ताव हर्स्ट न्यूयॉर्कमध्ये येण्याच्या तीन वर्षे आधीचा आहे.

अभ्यासक्रमात काय असावे, यावर वाद काय होता?

कोलंबियाचे नवे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांच्याशी १९०३ मध्ये करार झाला. एकूण देणगी २० लाख डॉलर, त्यातला चौथा हिस्सा पुरस्कार आणि शिष्यवृत्त्यांसाठी. त्याच सुमारास हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्याकडूनही त्यांनी आराखडा मागवला होता. एलियट यांनी व्यवहारी अभ्यासक्रम सुचवला. वृत्तपत्राचे व्यवस्थापन, जाहिरात, वितरण, छपाई, सगळे त्यात होते.

पुलित्झर यांना हे साफ नापसंत होते. वृत्तपत्राच्या धंद्यातून कोट्यधीश झालेल्या माणसाने धंदा शिकवायला नकार द्यावा, हे चमत्कारिक वाटते. त्यांचे म्हणणे असे की धंद्याची बाजू शिकायला व्यापारी शाळा आहेत. या शाळेत संपादकीय बाजूच शिकवली जावी, कारण दोन्ही एकत्र आल्या की धंदा दुसरीला गिळतो. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

टीकाकार गप्प नव्हते. ‘इव्हनिंग पोस्ट’चे माजी संपादक होरेस व्हाइट यांनी ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’मध्ये लिहिले की बातमीची नजर शिकवता येत नाही, उरलेले सारे साध्या महाविद्यालयातही मिळते. पुलित्झर यांनी मे १९०४ मध्ये त्याच नियतकालिकात दीर्घ उत्तर दिले. डोळे नसलेल्या माणसाने सांगून लिहवून घेतलेला हा लेख आजही पत्रकारिता शिक्षणाचा पाया मानला जातो.

त्यातला युक्तिवाद साधा आहे. डॉक्टर, वकील, लष्करी अधिकारी यांना अंगभूत गुण लागतात म्हणून कुणी त्यांच्या शाळा बंद करत नाही. मग पत्रकाराचेच प्रशिक्षण वाऱ्यावर का? न्यूजरूममध्ये शिकावे म्हणतात, पण तिथे नवख्याला शिकवायला कुणाला वेळ असतो? तो चुकत-चुकत शिकतो आणि चुकीची किंमत ज्याच्याबद्दल चुकीचे छापले तो माणूस मोजतो.

विषयांची यादी तर आजही अनेक अभ्यासक्रमांना लाजवेल अशी आहे. लेखनशैली, कायदा, नीतिशास्त्र, साहित्य, इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, आधुनिक भाषा, विज्ञान. आणि संख्याशास्त्र. आकड्यांत बातमी दडलेली असते आणि आकडे वाचता न येणाऱ्याला ते फसवतातही, हे डेटा जर्नलिझम हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधी त्यांनी मांडले. अचूकता तर स्वतंत्र विषय. ‘वर्ल्ड’च्या न्यूजरूममध्ये अचूकतेची आठवण देणारे फलक भिंतींवर लावलेले असत. युद्धाच्या दिवसांत त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

मग शाळा त्यांच्या हयातीत का उघडली नाही?

कारण सल्लागार मंडळ. त्यावर कोण असावे हे आपण ठरवू, असे पुलित्झर यांचे म्हणणे होते. त्यांना त्यात एलियट हवे होते. प्रतिस्पर्धी विद्यापीठाचा अध्यक्ष आपल्या शाळेच्या मंडळावर, हे बटलर यांना पटेना. तारांचा, पत्रांचा मारा झाला. दोघेही हट्टी. शेवटी पुलित्झर यांनी ठरवले की शाळा आपल्या मृत्यूनंतरच सुरू होईल. पैसा मृत्युपत्रात राखून ठेवला गेला.

या ओढाताणीत पहिलेपणाचा मान गेला. १९०८ मध्ये मिसुरी विद्यापीठाने वॉल्टर विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली पत्रकारितेची शाळा सुरू केली. जगातील अशी पहिली शाळा म्हणून तीच ओळखली जाते. ज्या राज्यात पुलित्झर बातमीदार झाले, तेच हे राज्य. विल्यम्स यांच्याकडेही पदवी नव्हती. तिथे विद्यार्थी पहिल्या दिवसापासून खरेखुरे दैनिक काढत. प्रत्यक्ष कामावर भर देणारी मिसुरी आणि व्यापक अभ्यासावर भर देणारी कोलंबिया, असे दोन रस्ते तेव्हापासून पडले. आजचा कोणताही अभ्यासक्रम तपासताना त्यात या दोन्हींपैकी कशाचे प्रमाण किती, हे पाहिले तरी बरेच कळते.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात ‘वर्ल्ड’ने एक मोठी लढाई दिली. पनामा कालव्यासाठी अमेरिकेने मोजलेले ४ कोटी डॉलर नेमके कुणाला मिळाले, असा प्रश्न त्याने १९०८ मध्ये विचारला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट इतके संतापले की केंद्र सरकारने पुलित्झर यांच्यावर फौजदारी बदनामीचा खटला भरला. तुरुंगाची शक्यता खरी होती. वृद्ध, अंध मालक नौकेवर आणि वॉरंटची भीती किनाऱ्यावर. पेपरने माघार घेतली नाही. जानेवारी १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेपरच्या बाजूने निकाल दिला. खालच्या न्यायालयांनी सरकारचा खटला फेटाळला होता, तेच कायम राहिले.

२९ ऑक्टोबर १९११ रोजी चार्ल्स्टन बंदरात, ‘लिबर्टी’ नौकेवर पुलित्झर यांचे निधन झाले. वय ६४.

शाळा सुरू झाल्यावर काय झाले?

३० सप्टेंबर १९१२ रोजी कोलंबियात वर्ग सुरू झाले. इमारत अजून तयार नव्हती. फिलाडेल्फियाचे अनुभवी पत्रकार टॅलकॉट विल्यम्स पहिले संचालक झाले. पहिल्या तुकडीत मुलीही होत्या. वर्गात इतिहास, राजकारण आणि बाहेर न्यूयॉर्क शहर ही प्रयोगशाळा, अशी रचना होती. मराठी वाचकांसाठी एक योगायोग असा की इमारत पूर्ण झाली त्याच वर्षी, १९१३ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात दाखल झाले. ते पत्रकारितेचे विद्यार्थी नव्हते. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास शिकले. पण पत्रकाराला जे विषय यायला हवेत म्हणून पुलित्झर यांनी यादी केली होती, त्यांतले बरेचसे हेच. १९२० मध्ये त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले.

१९१३ मध्येच ‘वर्ल्ड’ने वाचकांच्या तक्रारी तपासण्यासाठी अचूकता आणि न्याय्य वागणुकीचा स्वतंत्र विभाग काढला. पुलित्झर यांचे पुत्र राल्फ यांचा तो निर्णय होता. पुरस्कार १९१७ पासून सुरू झाले. पेपर मात्र टिकला नाही. तो विकू नये असे मृत्युपत्रात बजावलेले असताना वारसांनी न्यायालयाची परवानगी मिळवली आणि १९३१ मध्ये ‘वर्ल्ड’ स्क्रिप्स-हॉवर्ड समूहाला विकले गेले. हजारो जणांची नोकरी गेली.

१९३७ मध्ये गोबिंद बिहारी लाल हे पुलित्झर मिळवणारे पहिले भारतीय ठरले. विज्ञान वार्तांकनासाठी पाच जणांना मिळून तो पुरस्कार होता. लाल ज्या वृत्तसेवेत होते ती हर्स्ट यांची होती आणि पाचांपैकी आणखी एक जण स्क्रिप्स-हॉवर्डचा होता.

नवख्यांसाठी शाळा, नोकरीत असलेल्यांसाठी काय?

कोलंबियाची शाळा आधी पदवी देत असे. पहिल्याच तुकडीतून बाहेर पडलेले कार्ल अॅकरमन पुढे तिचे प्रमुख झाले आणि १९३५ मध्ये त्यांनी ती एक वर्षाची पदव्युत्तर शाळा केली. आधी कोणत्याही विषयाची पदवी घ्या, मग पत्रकारिता शिका, ही आपल्याकडेही रूढ झालेली रचना त्याच वळणाची. अविभाजित भारतात लाहोरच्या पंजाब विद्यापीठाने १९४१ मध्ये पत्रकारितेचा विभाग काढला. पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग १९६४चा.

आधीच बातमीदारी करणाऱ्यांचा विचार पुलित्झर यांच्या आराखड्यात फारसा नव्हता. ती उणीव १९३८ मध्ये हार्वर्डने भरली, तीही एका वृत्तपत्र मालकाच्या विधवेच्या देणगीतून. ॲग्नेस वाल नीमन यांच्या पैशातून सुरू झालेल्या नीमन फेलोशिपमध्ये काम करणारे पत्रकार एक वर्ष सुट्टी घेऊन विद्यापीठात येतात आणि हवा तो विषय शिकतात. पत्रकारिता सोडून काहीही, असेच बहुतेक जण करतात.

कोलंबियाला मात्र वेळ लागला. अर्थविषयक पत्रकारांसाठीची फेलोशिप १९७५ मध्ये आली. अनुभवी पत्रकारांना राजकारण, विज्ञान, अर्थकारण किंवा कला यांपैकी एका विषयात खोलवर नेणारा वर्षभराचा एमए अभ्यासक्रम २००५ मध्ये सुरू झाला. त्यात बातमी कशी लिहावी हे शिकवत नाहीत. ते येते असे गृहीत धरतात. पुराव्याची छाननी, आकडेवारीचे वाचन आणि विषयाचे ज्ञान, यांवर भर असतो. १९०४च्या यादीतले बरेच विषय त्यात पुन्हा सापडतात.